चौथीच्या मुलांना राज्याचा इतिहास आणि कारभार कुठे दाखवावा?

दक्षिण सोलापूर तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेच्या शिक्षिकेने विचारले आहे की, तिसरी-चौथीच्या अडतीस मुलांना महाराष्ट्राचा इतिहास आणि राज्याचा कारभार प्रत्यक्ष दाखवायचा असेल, तर एक दिवसाची सहल कशी आखावी. काही पालकांचा आग्रह मुंबईच्या विधानभवनाचा आहे, काहींचा रायगडाचा. हाताशी मात्र एकच दिवस आहे आणि वर्गणी बेताचीच निघेल. जागा कोणत्या निवडाव्यात, कार्यालयात मुलांना नेमके काय दाखवावे आणि परत आल्यावर मुलांच्या पदरात काय पडले हे कसे ओळखावे, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

मी एकतीस वर्षे याच जिल्ह्यात प्राथमिक शाळांवर शिकवले आणि जवळजवळ दरवर्षी एक सहल काढली. त्या अनुभवावरून माझे उत्तर असे आहे की, बाई, तुम्ही सोलापूर शहराच्या पुढे जाऊ नका. भुईकोट किल्ला, चार हुतात्मा पुतळा आणि जिल्हा परिषद, एवढ्या तीनच जागा घ्या आणि तिन्ही ठिकाणी मुलांसमोर एकच प्रश्न ठेवा: इथला निर्णय कोण घेत होते, आणि आज कोण घेते? इतिहास आणि नागरिकशास्त्र हे आपल्या पुस्तकात दोन वेगळे भाग असले, तरी या एका प्रश्नात ते आपोआप एकत्र येतात, आणि नऊ वर्षांच्या मुलाला तो प्रश्न पूर्णपणे समजतो, कारण घरात टीव्हीवर काय लावायचे हे कोण ठरवते याचा अनुभव त्याला रोजचाच असतो.

पालकांच्या आग्रहाविषयी आधी थोडे लिहितो. मुंबई आपल्यापासून सुमारे ४०० किलोमीटर आहे. रात्रभर प्रवास करून पोहोचलेल्या मुलाला विधानभवनाची मोठी इमारत दिसेल, समुद्र दिसेल आणि परतल्यावर तो समुद्राविषयीच बोलेल. विधानसभेत २८८ सदस्य असतात, विधान परिषदेत ७८ असतात, हे आकडे त्याला पाठ होतील. पण आपल्या गावच्या सरपंचांचे नाव आणि ते सरपंच कसे झाले, हे ज्याला सांगता येत नाही, त्याच्या मनात त्या आकड्यांना बसायला जागाच नसते. शासनाची शिडी मुलाने खालच्या पायरीवरून चढावी. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद आणि मग विधानसभा, असा तो क्रम आहे. रायगडाला माझा विरोध नाही. चौथीत शिवचरित्र शिकलेल्या प्रत्येक मुलाने १६७४ मध्ये राज्याभिषेक झाला ती जागा आयुष्यात पाहिलीच पाहिजे. पण ती सहल किमान दोन दिवसांची आहे, गड चढण्याची आहे, आणि सहावी-सातवीच्या मुलांना ती अधिक मानवते. पालकांच्या सभेत हे असेच सांगा. मी सांगत आलो आहे आणि पालक ऐकतात.

सहलीची तयारी निघण्याच्या दोन आठवडे आधी सुरू व्हावी, आणि ती घरातून व्हावी. मुलांना आजी-आजोबांकडे एकच प्रश्न घेऊन पाठवा: १९७२ च्या दुष्काळात तुम्ही काय केले? आपल्या तालुक्यात असे घर क्वचितच सापडेल, जिथे या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. ज्यांचे आजी-आजोबा त्या वेळी लहान होते, ते आपल्या आई-वडिलांचे सांगतील. खडी फोडली, पाझर तलावाच्या बांधावर माती टाकली, मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरी खाल्ल्या, कामावर सुकडी नावाचा कोरडा पोषक खाऊ मिळायचा. मुले हे सारे वहीत लिहून आणतात आणि मग वर्गात विचारता येते की, ते काम कोणी काढले होते आणि मजुरी कोण देत होते? उत्तर आहे राज्य सरकार. त्याच दुष्काळाच्या काळात रोजगार हमी योजना रुजली, पुढे १९७७ मध्ये महाराष्ट्राने तिचा कायदा केला, आणि काम मागणाऱ्याला काम देणे ही सरकारची जबाबदारी ठरली. २००५ मध्ये संपूर्ण देशासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा झाला, त्याच्या कितीतरी आधी आपल्या राज्याने हे केले होते. माझ्या वर्गातील एका मुलीची आजी स्वतः शाळेत आली होती. तिने उजव्या हाताचे बोट मुलांपुढे धरले. खडी फोडताना हातोडी बसून त्या बोटाचे नख कायमचे वाकडे झाले होते. मुलांनी एकेकाने ते बोट धरून पाहिले. राज्य सरकार म्हणजे काय, हे त्या दिवशी मला फळ्यावर लिहावे लागले नाही.

आता किल्ला. सकाळी तो उघडताच आत जा, कारण अकरानंतर आपल्याकडचे ऊन हिवाळ्यातही तापते. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांत पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. फक्त शाळेचे पत्र आणि मुलांची यादी जवळ ठेवा. हा किल्ला बहमनी काळातला आहे. बहमनी राज्य १३४७ मध्ये स्थापन झाले. पुढे त्याचे तुकडे झाल्यावर अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही यांच्यामध्ये सोलापूरसाठी वर्षानुवर्षे ओढाताण चालली; लग्नात आंदण म्हणून सोलापूर द्यायचे की नाही, यावरून या दोन घराण्यांत लढाया झाल्या. नंतर मोगल आले, निजाम आला, मराठे आले आणि १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेचा पाडाव करून इंग्रजांनी किल्ला घेतला. ही सगळी नावे मुलांना सांगण्याची गरज नाही. आंदणाची गोष्ट मात्र जरूर सांगा, कारण ती मुलांना लगेच भिडते. मी विचारत असे, “आपले गाव कोणी लग्नात आंदण म्हणून दिले, तर चालेल का?” मुले एका सुरात नाही म्हणत. मग पुढचा प्रश्न, “सोलापूरच्या लोकांना तेव्हा कोणी विचारले होते का?” इथे मुले गप्प होतात, आणि ती शांतता मोडण्याची घाई आपण करू नये. निर्णय कोण घेत होते, या प्रश्नाचे पहिले उत्तर त्यांना त्या तटाखाली मिळालेले असते.

चौथीच्या पुस्तकामुळे मुलांना किल्ला म्हणजे डोंगर एवढेच ठाऊक असते. राजगड, तोरणा, प्रतापगड हे सारे डोंगरावरचे. सोलापूर सपाटीवर आहे, इथे डोंगर नाही. मग शत्रूला अडवायचे कसे? हे कोडे त्यांच्यासमोर दारातच ठेवा आणि उत्तर शोधायला त्यांना मोकळे सोडा. दुहेरी तट, खंदक, एका अंगाला सिद्धेश्वर तलाव, दरवाज्याजवळची वळणे, हे सारे मुले स्वतः शोधून काढतात. माझ्याबरोबरच्या एका मुलाने तटाच्या एका खिडकीवजा छिद्रात हात घातला आणि खांद्यापर्यंत हात आत गेला तरी पलीकडचे टोक लागेना, तेव्हा त्याने ओरडून सगळ्यांना बोलावले. त्यानंतर वीस मिनिटे प्रत्येकाने आपापल्या हाताने भिंतीची जाडी मोजली. कोणी वितीने, कोणी हाताने, आणि कोणाचेच माप दुसऱ्याशी जुळेना. गणिताचा तास आपण आखला नव्हता, तरी तो झाला. फक्त छिद्रात हात घालू देण्यापूर्वी आत टॉर्च मारून पाहा; जुन्या भिंतींत विंचू असतात. त्या दिवशी मी ते पाहिले नव्हते आणि नंतर रात्रभर मला त्याचीच धास्ती वाटत राहिली.

किल्ल्याच्या आत उत्खननात उघडे झालेले जुन्या मंदिराचे अवशेष आहेत, आणि दरवाज्यांच्या बाजूला फारसी शिलालेख आहेत. याच किल्ल्याच्या शेजारी सिद्धेश्वरांचे मंदिर, बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांनी खोदवलेला तलाव. एकाच नजरेच्या टप्प्यात कितीतरी शतके आणि कितीतरी भाषा आहेत. आपल्या जिल्ह्यातल्या वर्गात घरी कन्नड, तेलुगू, उर्दू, मराठी बोलणारी मुले एका बाकावर बसतात. ज्याच्या घरी उर्दू वाचली जाते त्या मुलाला फारसी लेखातील एखादे अक्षर ओळखता येते का, हे त्यालाच विचारा. मी असे विचारले होते तेव्हा वर्गात एरवी तोंड न उघडणारा एक मुलगा शिलालेखासमोर उभा राहून ‘अलिफ’ आणि ‘लाम’ दाखवत राहिला आणि सारा वर्ग त्याच्याभोवती गोळा झाला.

किल्ल्याजवळच्या बागेत डबे खाऊन मग चार हुतात्मा पुतळ्यापाशी जावे. हा सहलीतला सर्वांत छोटा आणि सर्वांत जपून हाताळण्याचा भाग आहे. एप्रिल १९३० मध्ये सोलापूरच्या नगरपालिकेने आपल्या इमारतीवर राष्ट्रध्वज फडकवला. त्या काळात हे किती मोठे धाडस होते, ते मुलांना नीट सांगावे लागते, कारण शाळेत दर १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला झेंडा पाहणाऱ्या मुलाला झेंड्यासाठी शिक्षा होऊ शकते हे खरे वाटत नाही. मे महिन्याच्या सुरुवातीला गांधीजींना अटक झाली आणि गिरण्यांच्या या गावात असंतोष उसळला. ८ मे रोजी गोळीबार झाला, त्यात शंकर शिवदारे हा तरुण मारला गेला. लोकांच्या उद्रेकापुढे पोलीस मागे हटले आणि ९ मेपासून काही दिवस शहरावर इंग्रजांचा अंमल उरला नाही. १२ मेला इंग्रजांनी लष्करी कायदा लावला. तो जूनअखेरपर्यंत होता, आणि त्या काळात राष्ट्रध्वज मिरवणाऱ्यांना शिक्षा झाल्या. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांवर खटला चालवून त्यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिले गेले.

फाशी हा शब्द नऊ वर्षांच्या मुलांसमोर उच्चारावा की नाही, असा प्रश्न मला अनेक तरुण शिक्षकांनी केला आहे. माझे मत असे की, उच्चारावा, एकदाच, साध्या आवाजात, आणि त्याचे वर्णन करू नये. मुलांपासून तो शब्द लपवला तर ती घरी जाऊन मोबाईलवर शोधतात आणि नको ते पाहतात. त्याऐवजी या चौघांची नावे मुलांकडून मोठ्याने म्हणवून घ्या आणि विचारा की, या नावांवरून तुम्हाला काय दिसते? हे चौघे वेगवेगळ्या समाजांतले, वेगवेगळ्या घरांतले, आणि आपल्याच गावचे होते, हे मुले स्वतः सांगतात. मग आपला जुना प्रश्न पुन्हा विचारायचा: १९३० मध्ये सोलापूरचा निर्णय कोण घेत होते? किल्ल्यातल्या उत्तरापेक्षा इथले उत्तर वेगळे आहे. इंग्रज घेत होते, पण झेंडा लावण्याचा निर्णय गावाच्या नगरपालिकेने घेतला. आपल्या नगरपालिकेची स्थापना १८५२ ची आहे. म्हणजे गावाने आपल्या कारभारात लक्ष घालण्याची सवय इथे फार जुनी आहे. पंधरा मिनिटांत हा भाग आटोपा. फुले वाहायची असतील तर ती मुलांनीच गावातून आणलेली असावीत.

दुपारची वेळ जिल्हा परिषदेसाठी ठेवा. शहरातल्या शाळांना मी महापालिकेचे इंद्रभुवन सुचवतो. अप्पासाहेब वारद यांचा तो देखणा वाडा आता महापालिकेचे कार्यालय आहे, आणि मुले नुसत्या खांबांकडे आणि नक्षीकडे पाहत राहतात. पण तुमची मुले खेड्यातली आहेत. त्यांची शाळा, त्यांच्या गावचे आरोग्य उपकेंद्र, अंगणवाडी, गुरांचा दवाखाना, शिवारातला रस्ता, यांतील बरेच काही जिल्हा परिषदेकडे आहे. किंबहुना ज्या शाळेत ती रोज बसतात, तिच्या नावातच हे कार्यालय आहे, आणि तरीही आपल्या शाळेच्या पाटीवरचे ‘जि. प.’ हे दोन शब्द म्हणजे एक खरीखुरी इमारत आहे आणि तिच्यात माणसे बसतात, हे मुलांना माहीत नसते. तिथे पोहोचल्यावर पाटी दाखवा आणि शाळेच्या दप्तरातला एखादा शिक्का आठवायला सांगा. आमच्या एका मुलीने फाटकावरची पाटी वाचून विचारले होते, “गुरुजी, म्हणजे हे आपल्या शाळेचे घर का?” तिला मी हो म्हणालो.

इथे एक चूक टाळा, जी मी दोनदा केली. एका कार्यालयात मी फक्त ‘मुलांना मार्गदर्शन करावे’ असे पत्र दिले होते. एका अधिकाऱ्यांनी अतिशय आपुलकीने मुलांना सभागृहात बसवले आणि चाळीस मिनिटे विविध योजनांची माहिती दिली. पहिल्या दहा मिनिटांनंतर मुले चुळबुळ करू लागली, दोघे झोपले, एकाला लघवीला जायचे होते आणि तो बोलू शकला नाही. दोष त्या अधिकाऱ्यांचा नव्हता. काय हवे ते मी सांगितलेच नव्हते. तेव्हापासून मी पत्रात स्पष्ट लिहितो की, भाषण नको. गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना पत्र द्या आणि तीनच विनंत्या करा: मुलांना सभागृहात खुर्च्यांवर बसू द्यावे, आवक-जावक विभाग (येणाऱ्या-जाणाऱ्या कागदांची नोंद होते तो) पाहू द्यावा आणि मुलांच्या पाच प्रश्नांना कोणीतरी उत्तरे द्यावीत. ते पाच प्रश्न पत्रासोबतच जोडा, म्हणजे समोरच्या माणसालाही तयारी करता येते.

सभागृहात मुलांची खरी सभा घ्या. अध्यक्ष कोण, सदस्य कोण, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि त्यात निम्म्या जागा मुलींच्या ठेवा, कारण आपल्या राज्यातील स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना ५० टक्के आरक्षण आहे. मुली त्यावरून कारण विचारतात आणि मुलगे कुरकुर करतात, त्यामुळे तो चर्चेचा उत्तम विषय होतो. ठरावाचा विषय तुमच्या गावातला असावा. आमच्या एका सभेत ‘शाळेसमोरच्या रस्त्यावर गतिरोधक करावा’ असा ठराव आला. एका सदस्याने विरोध केला, कारण त्याचे वडील उसाच्या ट्रॅक्टरची ट्रॉली चालवतात आणि गतिरोधकावर ऊस सांडतो. त्याचे म्हणणे सर्वांनी ऐकून घेतले, मग कोणीतरी सुचवले की गतिरोधक करावा पण उंची कमी ठेवावी, आणि दुरुस्तीसह ठराव हात वर करून मंजूर झाला. मतभेद ऐकून घेऊन ठराव बदलतो, एवढे एक मुलांनी तिथे अनुभवले, तर विधानसभेत विधेयकावर चर्चा का होते हे पुढे त्यांना सांगावे लागत नाही.

सभागृह रिकामे का आहे, असे मुलांनी विचारले तर खरे उत्तर द्या. सभा रोज भरत नाही, हे एक उत्तर. दुसरे असे की, निवडणुका लांबल्या की लोकांनी निवडलेल्या सदस्यांऐवजी प्रशासक कारभार पाहतात; मागच्या काही वर्षांत राज्यातील बहुतेक महापालिका आणि जिल्हा परिषदांवर प्रशासकच होते. मुलांना हे कळू द्यावे. निवडून आलेली माणसे आणि नेमलेली माणसे असा फरक आहे, हे समजण्याची हीच वेळ असते: अध्यक्ष निवडलेले, मुख्य कार्यकारी अधिकारी नेमलेले, पंचायत समितीचे सभापती निवडलेले, गटविकास अधिकारी नेमलेले, सरपंच निवडलेले, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) नेमलेले. जिल्हाधिकारी हे राज्य सरकारने नेमलेले असतात आणि त्यांचे कार्यालय जिल्हा परिषदेहून वेगळे असते, हा फरक मोठ्यांच्याही लक्षात राहत नाही, म्हणून तो तिथेच दाखवून टाका. मी जमिनीवर खडूने दोन रांगा आखत असे आणि मुलांना एकेका पदाची पाटी गळ्यात घालून योग्य रांगेत उभे करत असे. कार्यालयाच्या आवारात खडू वापरण्याआधी मात्र विचारून घ्यावे.

या सहलीतील सर्वांत महत्त्वाची खोली आवक-जावक विभागाची, असे मी अनुभवाने म्हणतो. मुलांनी मंजूर केलेला ठराव एका कोऱ्या कागदावर त्यांच्याच अक्षरात लिहून घ्या, खाली सगळ्यांच्या सह्या घ्या आणि दोन प्रती घेऊन मुलांनाच त्या टेबलापाशी पाठवा. लिपिक कागद घेतात, आवक रजिस्टरात क्रमांक लिहितात, शिक्का मारतात आणि दुसऱ्या प्रतीवर पोच देतात. तो जांभळा शिक्का ओला असतानाच मुले त्यावर वाकतात. आमच्या वेळी एका मुलाने बोटाने पुसून पाहिले आणि क्रमांकातला शेवटचा आकडा फराटला गेला. लिपिकांनी तो पेनाने पुन्हा लिहून दिला. नंतर मुलांनी विचारले, “आता हा कागद कोणाकडे जाणार?” आणि त्या लिपिकांनी टेबलांकडे बोट दाखवत सांगितले की, आधी त्या साहेबांकडे, मग बांधकाम विभागात, मग पंचायत समितीकडे, मग अभियंता पाहणी करायला तुमच्या गावात. मुले त्या टेबलांच्या रांगेकडे पाहत राहिली. कारभार म्हणजे कागदाचा प्रवास असतो आणि त्या प्रवासात प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी माणूस सही करतो, हे याहून सोप्या रीतीने मी कधी शिकवू शकलो नाही. तुमच्या गावातला रस्ता ग्रामपंचायतीचा, जिल्हा परिषदेचा की सार्वजनिक बांधकाम विभागाचा, हे आधी शोधून ठेवा, म्हणजे कागद योग्य दारात जाईल. आणि हे शोधणे हेसुद्धा मुलांकडूनच करून घेता येते.

तुमच्या तालुक्यात आणखी एक जागा आहे, जी या सहलीत कोंबू नये, पण वेगळी अर्ध्या दिवसाची सहल म्हणून जरूर करावी. भीमा आणि सीना यांच्या संगमावरचे हत्तरसंग कुडल. तिथल्या संगमेश्वर मंदिरातला शके ९४०, म्हणजे १०१८ सालचा शिलालेख आजवर सापडलेल्या मराठी शिलालेखांत सर्वांत जुना असल्याचे अनेक अभ्यासक मानतात. जो हे वाचील तो विजयी होईल, अशा अर्थाची त्याची शेवटची ओळ आहे. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी मराठी भाषकांचे राज्य म्हणून अस्तित्वात आले, आणि त्या भाषेचे इतके जुने अक्षर आपल्याच तालुक्यात दगडावर कोरलेले आहे, हे एकदा सांगून मुलांना ती ओळ दाखवली की राज्याचा इतिहास फार लांबचा राहत नाही. शेजारच्या हरिहरेश्वर मंदिरातले बहुमुखी शिवलिंग पाहून मुले त्यावरील मुखे मोजू लागतात. ३५९ पर्यंत कोणी पोहोचत नाही, पण मोजू द्यावे. संगमावर पाण्यात मात्र एकाही मुलाला उतरू देऊ नका. या बाबतीत मी कधीही सवलत दिली नाही, तुम्हीही देऊ नका.

परत आल्यावर ‘आमची सहल’ हा निबंध लिहायला लावू नये. सकाळी किती वाजता निघालो आणि डब्यात काय होते, यापलीकडे त्यात काही येत नाही. त्याऐवजी फळ्यावर तीन रकाने आखा: किल्ला, १९३०, आज. प्रत्येक रकान्यात तेच तीन प्रश्न: निर्णय कोण घेत होते, लोकांना विचारले जात होते का, आणि नाही पटले तर लोक काय करू शकत होते? तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांवरून मुलांना काय उमगले ते बरोबर कळते. किल्ल्याच्या रकान्यात एका मुलीने लिहिले होते, “काहीच नाही, पळून जाऊ शकत होते.” १९३० च्या रकान्यात, “झेंडा लावू शकत होते, पण शिक्षा व्हायची.” आणि आजच्या रकान्यात, “अर्ज देऊ शकतो आणि पोच घेऊ शकतो. अठरा वर्षांचे झाल्यावर मत देऊ शकतो आणि ग्रामसभेत बोलू शकतो.” ती तिसरीत होती. तिला गुण किती द्यायचे, हा प्रश्न मला पडला नाही.

त्या पोचेच्या प्रतीला वर्गात भिंतीवर जागा द्या आणि महिन्यातून एकदा तिच्याविषयी काय झाले ते विचारायला मुलांकडून स्मरणपत्र लिहून घ्या. आमच्या गतिरोधकाच्या कागदाला चार महिने उत्तर आले नाही. मुलांनी दोन स्मरणपत्रे पाठवली, एक ग्रामसभेत मोठ्यांकडून वाचून घेतले, आणि मग एके दिवशी मोजपट्टी घेऊन दोन माणसे शाळेसमोर उभी राहिली. उत्तर आलेच नसते, तरीही स्मरणपत्रे लिहून घेतलीच असती; वाट पाहणे आणि पुन्हा विचारणे हेही मुलांनी शिकायचे असते. मुलांनी चिकाटी सोडू नये म्हणून आधी आपण सोडू नये, एवढे लक्षात ठेवा.

व्यवस्थेचे थोडक्यात. दहा मुलांमागे किमान एक मोठा माणूस असावा, त्यात निदान दोन महिला पालक. एस. टी. महामंडळ शैक्षणिक सहलींना भाड्यात निम्मी सवलत देते, त्यासाठी आगारात शाळेचे पत्र आणि यादी आधी द्यावी लागते. प्रत्येक मुलाच्या खिशात शाळेचे नाव आणि शिक्षकाचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी, मुलाचे नाव मात्र बाहेर दिसेल असे लावू नये. मुलांच्या जोड्या लावा आणि बसमध्ये चढताना डोकी मोजण्याऐवजी जोड्या मोजा. एकाची जोडी अपुरी दिसली की लगेच कळते. मुलींसाठी स्वच्छतागृह कुठे मिळेल, ते आदल्या आठवड्यात स्वतः जाऊन पाहून या. पालकांची लेखी संमती आणि वरिष्ठांची परवानगी या दोन गोष्टी हातात असल्याशिवाय बस ठरवू नका.

तारखेविषयी शेवटचे. जानेवारीचा दुसरा आणि तिसरा आठवडा टाळा. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते, नंदीध्वजांच्या मिरवणुका निघतात, होम मैदान आणि किल्ल्याच्या आसपास पाय ठेवायला जागा नसते, आणि अडतीस लहान मुले त्या गर्दीत सांभाळणे कोणालाही शक्य नाही. नोव्हेंबरचा शेवटचा किंवा डिसेंबरचा पहिला आठवडा, त्यातही सोमवार सोडून कामकाजाचा कोणताही दिवस उत्तम. सोमवारी कार्यालयांत अभ्यागतांची गर्दी असते आणि आवक-जावकच्या टेबलापाशी मुलांना उभे राहायला मिळत नाही. जिल्हा परिषदेचे पत्र किमान तीन आठवडे आधी जायला हवे. तुमचे पत्र घेऊन शक्य तर तुम्ही स्वतः जा, पोच घ्या, आणि ती पोच सहलीच्या आधी मुलांना दाखवा.